तीन बोटं, आठ मात्रा : अर्ल स्क्रग्जने बँजोचं काय केलं

8 डिसेंबर 1945, शनिवारची रात्र. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात रायमन सभागृह खच्चून भरलं होतं. तिथून डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम थेट ऐकवला जायचा, आणि दक्षिणेकडच्या राज्यांतली हजारो घरं शनिवारी त्यासाठी रेडिओभोवती जमायची. मँडोलिनवादक आणि गायक बिल मन्रोच्या बँडमध्ये त्या रात्री एकवीस वर्षांचा एक अबोल मुलगा बँजो घेऊन पहिल्यांदाच उभा राहिला. अर्ल स्क्रग्ज त्याचं नाव. वर्षभरापूर्वीपर्यंत तो सूतगिरणीत कामाला होता. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि प्रेक्षकांना कळेना की एका माणसाच्या हातून इतके सूर इतक्या भरभर, तरीही इतके सुटे सुटे कसे येताहेत.

ब्लूग्रास या अमेरिकी संगीतप्रकाराचा जन्म कधी झाला, असं विचारलं तर पुष्कळ जाणकार त्या दिवसांकडे बोट दाखवतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण ब्लूग्रास ऐकताना कुणालाही वाटतं की हे डोंगरातलं, शेकडो वर्षांचं, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं संगीत असणार. त्यातली गाणी खरोखर जुनी आहेत, सुरावटी जुन्या आहेत. पण ज्या आवाजाने ते क्षणात ओळखू येतं, तो बँजोचा आवाज त्या काळी अगदी नवा होता आणि तो एका माणसाच्या तीन बोटांतून पक्का झाला. त्या बोटांनी नेमकं काय केलं, ते संगीताचं शास्त्र न शिकलेल्यालाही कळेल अशा रीतीने सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी एक खुलासा. महाराष्ट्रात बँजो म्हटलं की गणपतीची मिरवणूक, लग्नाची वरात आणि बँजो पार्टी डोळ्यांपुढे येते. तो बँजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचा बुलबुल तरंग, विजेवर जोडलेला. अमेरिकेतला बँजो हे वाद्य साफ वेगळं आहे. मोठ्या डफाला लांब मान जोडून त्यावर तारा ताणल्या तर जसं दिसेल, तसं ते दिसतं. गोल चौकटीवर कातडं ताणलेलं (हल्ली प्लास्टिकचं असतं), तारा पाच, आणि तारांची घोडी थेट त्या ताणलेल्या कातड्यावर उभी. त्यामुळे तार छेडली की आवाज खणखणीत निघतो आणि लगेच विरतो. सतारीचा किंवा व्हायोलिनचा सूर जसा रेंगाळतो, तसा बँजोचा रेंगाळत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

हे वाद्य मुळात आफ्रिकेतलं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून जबरदस्तीने आणलेल्या लोकांनी भोपळा, कातडं आणि काठी यांपासून अशी वाद्यं अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर बनवली. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या कलाकारांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे खेळ रंगमंचावर आणले आणि त्यांत बँजो वापरला. तिथून त्याला विनोदाचा शिक्का बसला तो कायमचा. स्क्रग्जच्या लहानपणी रेडिओवर गाजणारे बँजोवादक बहुतेक विनोदवीरच होते. ढगळ कपडे घालायचे, चुटके सांगायचे, मधेमधे बँजो झोडपायचा. ऑप्रीवरचे लाडके ज्येष्ठ कलाकार अंकल डेव्ह मेकन यांनी स्क्रग्जला ऐकून म्हटलं होतं म्हणे, की पोरगं वाजवतं चांगलं, पण हसवत मात्र अजिबात नाही. ही आठवण ब्लूग्रासवाल्यांत अजून सांगितली जाते, आणि तिच्यात बँजोची तेव्हाची सगळी परिस्थिती येते.

अर्लचा जन्म 6 जानेवारी 1924 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या फ्लिंट हिल या वस्तीतला. शेल्बी हे त्या भागातलं मोठं गाव. घर शेतकऱ्याचं. वडील बँजो वाजवायचे, पण अर्ल चार वर्षांचा असतानाच ते गेले. थोरला भाऊ ज्युनी बँजो वाजवायचा, दुसरा भाऊ हॉरस गिटार. अर्लचे हात तेव्हा इतके आखूड की बँजोच्या मानेच्या टोकापर्यंत पोचायचे नाहीत. मग तो वाद्य बाजूला ठेवून, जिथला सूर हवा तिकडे ते सरकवून वाजवायचा.

हॉरस आणि अर्ल यांचा एक खेळ होता. दोघं घरामागे पाठीला पाठ लावून उभे राहायचे, एकदम एक चाल सुरू करायचे आणि वाजवत वाजवत विरुद्ध दिशांनी घराला वळसा घालायचे. अर्ध्या वाटेत एकमेकांचं वाजणं धड ऐकू यायचं नाही. पुन्हा भेट झाली की बघायचं, दोघं अजून एकाच ठेक्यात आहेत का. लयीचा याहून कडक रियाज मला माहीत नाही, आणि तोही कुणी शिकवलेला नाही, पोरांनीच शोधलेला. पुढे आयुष्यभर स्क्रग्जबरोबर वाजवलेले लोक त्याच्या वेगाआधी त्याच्या लयीबद्दल बोलायचे, त्याची मुळं तिथे आहेत.

तीन बोटांनी बँजो वाजवायची पद्धत स्क्रग्जने शोधली असं सरसकट लिहिलं जातं. ते तसं नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्याच टापूत त्याच्याआधी स्मिथ हॅमेट, स्नफी जेंकिन्स असे वादक तीन बोटांनी वाजवत होते, आणि अर्लने त्या पद्धतीचं वाजवणं लहानपणी ऐकलेलं होतं. त्याचा भाऊ ज्युनीसुद्धा तीन बोटं वापरायचा. अर्ल स्वतः तोवर दोनच बोटांनी वाजवत होता. दहा वर्षांचा असताना एकदा हॉरसशी भांडण झालं, तो तणतणत खोलीत जाऊन बसला आणि आपल्याच तंद्रीत 'रूबेन' नावाची चाल छेडत राहिला. थोड्या वेळाने लक्षात आलं, तिसरं बोट आपोआप चालतंय. आनंदाने ओरडतच तो बाहेर आला. पुढचा आठवडाभर म्हणे त्याने दुसरं काही वाजवलंच नाही.

आता मुख्य भाग. जरा सावकाश वाचा, आणि जमल्यास टेबलावर बोटांनी करून बघा.

बँजोच्या चार तारा गिटारसारख्या मानेच्या टोकापासून निघतात. पाचवी तार आखूड, ती मानेच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी, बाजूच्या खुंटीला बांधलेली असते. तारा जुळवायच्या नेहमीच्या पद्धतीत 'जी' (G) या सुराच्या तारेला षड्ज मानला तर या पाच तारा अशा लागतात: चौथी मंद्र पंचम, तिसरी षड्ज, दुसरी गंधार, पहिली पंचम. आणि ती आखूड पाचवी, अंगठ्याशी सगळ्यात जवळची, तार षड्ज. म्हणजे डाव्या हाताने काहीही न दाबता सगळ्या तारा छेडल्या तरी कानाला गोड लागतं. त्यात पाचवी तार बहुतेक वेळा मोकळीच वाजते. सतारीवर चिकारीची तार जे काम करते, तेच काम ही करते: मुख्य सुरावट कुठेही फिरत असो, वरचा षड्ज मधेमधे टोचत राहतो.

जुन्या पद्धतीत उजवा हात वरून खाली यायचा. बोटाच्या नखाची पाठ तारांवर आपटायची आणि अंगठ्याने पाचवी तार ओढायची. त्याचा टपटप चालणारा, नाचायला सोपा ठेका व्हायचा. स्क्रग्जच्या पद्धतीत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तिघांना नख्या चढवलेल्या असतात. अंगठा खाली ढकलतो, दोन बोटं वर ओढतात. आणि मुख्य नियम असा, की एकच बोट लागोपाठ दोनदा येत नाही. अंगठा वाजवत असतो तेव्हा दोन बोटं मोकळी असतात, पुढच्या सुरासाठी तयार. म्हणून वेग येतो. त्याच्या गाजलेल्या रेकॉर्डमध्ये सेकंदाला दहाच्या आसपास सूर पडतात आणि तरी हात शांत दिसतो.

या बोटांच्या क्रमाला रोल म्हणतात. रोलचे बरेच प्रकार आहेत, पण गंमत कळायला एक पुरे. एका आवर्तनात आठ सूर. आपला केरवा आठ मात्रांचा, तेवढंच घर. बोटं मात्र तीन. आठाला तिनाने भाग जात नाही. मग बोटं अशी पडतात: अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-मधलं. तीन, तीन आणि दोन. अंगठा सगळ्यात जोरकस, त्यामुळे वजन पडतं पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर.

त्याच वेळी बँडमधले बाकीचे काय करत असतात? डबल बास पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर खालचा सूर धरतो. मँडोलिन तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर 'चक्' असा कोरडा ठोका देतं. आता ताडून बघा. पहिल्या मात्रेवर बँजो आणि बास एकत्र. चौथीवर बँजो एकटाच, बासच्या पाचवीच्या एक घर आधी, जणू तो पुढे झेपावतोय. सातवीवर तो मँडोलिनला येऊन मिळतो, आणि लगेच पुन्हा पहिली. टेबलावर डाव्या हाताने एक आणि पाच, उजव्याने एक, चार, सात वाजवून पाहा. अंगात जी चुळबुळ सुरू होते, ती ब्लूग्रासची ओढ. तबला नाही, ड्रम नाही, तरी हे संगीत पळत असल्यासारखं वाटतं याचं मोठं कारण आठ मात्रांत न बसणारी तीन बोटं हे आहे.

उरला प्रश्न सुरावटीचा. आठ सुरांपैकी गाण्याची चाल तीन-चार सुरांतच असते, बाकीचे भरीचे. स्क्रग्जचं खरं मोठेपण इथे आहे असं मला वाटतं. त्याच्या आधीच्या तीनबोटी वादकांच्या वाजवण्यात भर पुष्कळ असायची, चाल तिच्यात बुडून जायची. स्क्रग्ज चालीचा सूर जिथे येतो तिथे बरोबर वजनदार बोट आणून ठेवतो. त्यासाठी तो रोल मध्येच मोडतो, दुसरा धरतो, पुन्हा पहिल्यावर येतो. ऐकणाऱ्याला रोल दिसतच नाही, गाणं ऐकू येतं. बँजोचा सूर टिकत नाही ही त्या वाद्याची उणीव मी वर सांगितली. सूर टिकत नसेल तर तो विरायच्या आत पुढचा, त्याच्यापुढचा असे सूर येत राहिले पाहिजेत. स्क्रग्जचा सतत वाहणारा रोल ही त्या उणिवेवरची तोड आहे.

आता बिल मन्रोकडे वळू. मन्रो केंटकी राज्यातला. त्या राज्याला तिथल्या गवतावरून 'ब्लूग्रास स्टेट' म्हणतात, म्हणून त्याच्या बँडचं नाव 'ब्लू ग्रास बॉइज'. पुढे सगळ्या संगीतप्रकारालाच ते नाव चिकटलं. मन्रो मँडोलिन वाजवायचा, काळीज चिरणाऱ्या उंच पट्टीत गायचा, आणि जुन्या फिडलच्या (म्हणजे लोकसंगीतात वाजणाऱ्या व्हायोलिनच्या) चाली, चर्चमधली गाणी, ब्लूज हे सगळं एकत्र करून काहीतरी नवं घडवण्याच्या मागे होता. लहानपणी त्याच्यावर आर्नल्ड शुल्झ या कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादकाचा मोठा प्रभाव पडला होता आणि तो ते मोकळेपणाने सांगायचा. 1945 च्या अखेरीस त्याच्या बँडमधला बँजोवादक स्ट्रिंगबीन सोडून गेला. गिटार वाजवणाऱ्या लेस्टर फ्लॅटला त्याचं काही वाईट वाटलं नाही, कारण बँजोमुळे बँडचा वेग अडखळतो असं त्याचं मत होतं. नवा बँजोवाला येतोय म्हटल्यावर तो नाखूशच होता. मग स्क्रग्ज आला, त्याने 'सॅली गुडिन' आणि 'डिअर ओल्ड डिक्सी' वाजवून दाखवलं, आणि त्याला घ्याच म्हणून मन्रोच्या मागे लागणारा पहिला माणूस फ्लॅटच होता.

मन्रो, फ्लॅट, स्क्रग्ज, फिडलवर चबी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स. हे पाच जण दोन-सव्वादोन वर्षंच एकत्र होते, पण आजही ब्लूग्रासचा बँड उभा राहतो तो याच पाच वाद्यांचा. 1946 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी शिकागोत 'ब्लू मून ऑफ केंटकी' रेकॉर्ड केलं. आठ वर्षांनी एल्विस प्रेस्लीने तेच गाणं आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर घेतलं. आठवडाभर मोटारीतून गावोगाव फिरायचं, शाळांत, तंबूत कार्यक्रम करायचे आणि शनिवारी ऑप्रीसाठी नॅशव्हिलला परत यायचं, असं त्यांचं आयुष्य होतं.

या दगदगीला कंटाळून 1948 मध्ये स्क्रग्ज बाहेर पडला, पाठोपाठ फ्लॅटही. दोघांनी मिळून 'फॉगी माउंटन बॉइज' हा बँड काढला. हे आधीपासून ठरवून केलं असं मन्रोच्या मनाने घेतलं आणि तो वीसेक वर्षं दोघांशी बोलला नाही. त्यांना ऑप्रीवर घेण्यालाही त्याचा विरोध होता. पण मार्था व्हाइट ही पिठाची कंपनी त्यांच्या पाठीशी होती. 1953 पासून तिच्या नावाने ते डब्ल्यूएसएमवर पहाटेचा कार्यक्रम करत होते, आणि जाहिरातदाराचं वजन केंद्राला टाळता येण्यासारखं नव्हतं. 1955 मध्ये ते ऑप्रीचे सदस्य झाले.

स्क्रग्जचा बँजोही सांगण्यासारखा आहे. गिब्सन कंपनीचा 1930 च्या दशकातला ग्रॅनाडा. तो आधी स्नफी जेंकिन्सकडे होता, त्याच्याकडून डॉन रेनोकडे आला आणि रेनोशी अदलाबदल करून स्क्रग्जला मिळाला. हा रेनो तीन बोटांनी स्वतंत्रपणे तयार झालेला, तोलामोलाचा वादक. स्क्रग्जच्या आधी मन्रोने त्यालाच विचारलं होतं, पण तो युद्धावर गेला. तो गेला नसता तर आज कदाचित आपण रेनो पद्धत म्हणालो असतो.

11 डिसेंबर 1949 रोजी सिनसिनाटीत 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही शब्दांवाचूनची रचना रेकॉर्ड झाली. तिच्याकडे शेवटी येतो. 1951-52 मध्ये स्क्रग्जने आणखी एक युक्ती काढली. बँजोच्या माथ्यावर दोन जादा खुंट्या बसवल्या. त्या फिरवल्या की दुसरी आणि तिसरी तार वाजता वाजता ठरलेल्या अंतराने उतरते, उलट फिरवली की बरोबर मूळ जागी येते. पडद्यांच्या वाद्यावर, तीही सूर न टिकणाऱ्या, चक्क मींड. 'अर्ल्स ब्रेकडाउन' आणि 'फ्लिंट हिल स्पेशल' मध्ये ती ऐकू येते. त्या खुंट्यांना आजही स्क्रग्जचं नाव आहे.

त्याच्या कारकिर्दीचा अर्धा भार त्याच्या पत्नीने उचलला हे कमी सांगितलं जातं. लुईझ सर्टनशी त्याचं लग्न 1948 मध्ये झालं. 1955 च्या ऑक्टोबरमध्ये अर्लच्या आजारी आईला भेटायला जाताना त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला, अर्लच्या कमरेची हाडं मोडली आणि तो कित्येक महिने घरी होता. त्याच सुमाराला लुईझने बँडचा कारभार हाती घेतला: कार्यक्रम ठरवणं, करार, पैसे, प्रसिद्धी. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण धाटणीच्या संगीतात हे काम करणाऱ्या स्त्रिया तेव्हा जवळजवळ नव्हत्याच. शहरांतल्या कॉलेजांतली मुलं लोकसंगीताकडे वळताहेत हे तिने वेळेवर हेरलं. 1959 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात अर्ल वाजवून आला, आणि 1962 च्या डिसेंबरमध्ये फ्लॅट-स्क्रग्ज न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये होते.

त्याच वर्षी 'द बेव्हर्ली हिलबिलीज' ही टीव्ही मालिका सुरू झाली. अचानक श्रीमंत होऊन शहरात आलेल्या डोंगराळ भागातल्या कुटुंबाची ती गोष्ट. शीर्षकगीतासाठी विचारणा झाली तेव्हा लुईझने आधी नकार दिला. आपल्या खेड्यातल्या माणसांची त्यात टिंगल होणार, अशी तिला शंका होती. निर्मात्याने पहिला भाग नॅशव्हिलला आणून दाखवला, मग होकार मिळाला. ते गाणं 1963 च्या जानेवारीत कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्लूग्रासच्या गाण्याला ही जागा प्रथमच मिळत होती. अमेरिकेतल्या कोट्यवधी घरांत दर आठवड्याला स्क्रग्जचा रोल वाजू लागला.

1967 साली 'बॉनी अँड क्लाइड' हा चित्रपट आला. गोष्ट 1930 च्या दशकातल्या बँक लुटारूंची, आणि त्यांच्या गाड्या पळू लागल्या की पार्श्वभूमीला 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन'. ती रचना त्या लुटारूंच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी रेकॉर्ड झालेली. पण कुणालाच खटकलं नाही, तो आवाज सगळ्यांनी तेव्हाचाच धरला. वीस वर्षांत हा नवा शोध 'जुनं पारंपरिक' होऊन बसला होता. त्याच रचनेला 1969 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आणि नेमकं त्याच वर्षी फ्लॅट आणि स्क्रग्ज वेगळे झाले. कारण साधं होतं. फ्लॅटला लोकांना आवडणारं, सवयीचं संगीत करत राहायचं होतं. रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहावरून बॉब डिलनची गाणी म्हणायला लागणं त्याला जिवावर यायचं. स्क्रग्जला घरात वाढलेल्या मुलांबरोबर, गॅरी, रँडी आणि पुढे स्टीव्ह यांच्याबरोबर, विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन वाजवायचं होतं. त्याने 'अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू' काढला. 1969 च्या नोव्हेंबरमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनला प्रचंड सभा झाली, तिथे तो मुलांसह वाजवायला गेला. कंट्री संगीताचा श्रोता तेव्हा बहुतांशी युद्धाच्या बाजूचा होता. रोजीरोटी ज्यांच्यावर अवलंबून, त्यांना न रुचणारी बाजू उघडपणे घ्यायला किती धैर्य लागलं असेल याची कल्पना करता येते.

ब्लूग्रासच्या कट्टर चाहत्यांना हा रिव्ह्यू आवडला नाही, आजही अनेकांना आवडत नाही. मलाही त्यातल्या सगळ्या रेकॉर्ड भावतात असं नाही, ड्रमच्या गलक्यात रोलची ती तीन-तीन-दोनची धार बोथट होते. पण माणूस म्हणून तो मला इथेच सर्वांत मोठा वाटतो. ज्याच्या वाजवण्याची नोंद शास्त्र म्हणून झाली होती, तो स्वतः त्या शास्त्राचा पहारेकरी व्हायला तयार नव्हता. 1971 च्या ऑगस्टमध्ये 'निटी ग्रिटी डर्ट बँड' हा लांब केसांच्या पोरांचा बँड नॅशव्हिलला आला, तेव्हा त्यांच्यासाठी जुन्याजाणत्यांची दारं उघडणारा स्क्रग्जच होता. मदर मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, रॉय अकफ, जिमी मार्टिन अशी मंडळी एका स्टुडिओत जमली. मन्रोने यायला नकार दिला. 1972 मध्ये निघालेला 'विल द सर्कल बी अनब्रोकन' हा तीन तबकड्यांचा संच दोन पिढ्यांना एकत्र बसवणारा म्हणून आजही ऐकला जातो.

शिकवण्याच्या बाबतीतही त्याने हात आखडता घेतला नाही. 1968 मध्ये त्याचं बँजोवरचं पुस्तक आलं. त्यात सुरांऐवजी तार कुठली, पडदा कितवा आणि बोट कोणतं हे आकड्या-अक्षरांत दिलेलं होतं, त्यामुळे स्वरलिपी न येणाऱ्यालाही रोल बसवता येऊ लागले. जे फ्लिंट हिलच्या ओसरीवर बसून कानाने शिकावं लागायचं, ते जपानमधल्या मुलालाही घरबसल्या शिकता आलं.

फ्लॅट 1979 मध्ये गेला. त्याच्या अखेरच्या आजारपणात स्क्रग्ज त्याला इस्पितळात भेटून आला होता. 1985 मध्ये दोघांची नावं जोडीने कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेली. 1992 मध्ये राष्ट्रीय कला पदक मिळालं. 2001 मध्ये स्टीव्ह मार्टिन हा विनोदी अभिनेता आणि इतर वादकांना घेऊन त्याने 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि त्या एकाच रचनेला दुसऱ्यांदा ग्रॅमी मिळाला. लुईझ 2006 मध्ये गेली. अर्ल 28 मार्च 2012 रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. अंत्यविधीची प्रार्थना रायमन सभागृहातच झाली. शेल्बीच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत 2014 पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे.

या सगळ्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. न्यूयॉर्कमध्ये वाढणाऱ्या बेला फ्लेक या लहान मुलाने 'बेव्हर्ली हिलबिलीज'चं शीर्षकगीत टीव्हीवर ऐकलं, आणि तो बँजो त्याच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. मोठेपणी तो आजच्या काळातला अग्रगण्य बँजोवादक झाला. त्याने आणि बासवादक एडगर मायर याने माहीमला वाढलेल्या उस्ताद झाकीर हुसेन यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. 2009 मध्ये 'द मेलडी ऑफ रिदम' आलं. 2023 मध्ये बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासह 'ॲज वुई स्पीक' आलं, आणि त्याला पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाले. तबल्यासमोर बँजो कसा टिकतो, याचं नवल वाटत असेल तर वरचा आठ मात्रांचा हिशेब पुन्हा बघा. तीन-तीन-दोनचे तुकडे पाडून समेवर येणं तबलजीला वेगळं शिकवावं लागत नाही, आणि दोन्ही वाद्यांचे बोल सुटे आणि क्षणात विरणारे असल्याने एकमेकांत मिसळून गढूळ होत नाहीत.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर 1949 च्या मूळ 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन'पासूनच करा, पावणेतीन मिनिटांच्या आतबाहेरचं काम आहे. अगदी पहिल्या क्षणी बँजोच्या दुसऱ्या तारेवर तीव्र मध्यम वाजतो आणि डाव्या हाताच्या बोटाचा ठोका बसून तो तिथल्या तिथे पंचमाला जातो. लगेच शेजारची मोकळी तार तोच पंचम देते. एकच सूर दोन तारांवर, दोन पोतांचा. या सुरुवातीवरूनच जगभरचे बँजोवाले ही रचना ओळखतात. थोडं पुढे ती षड्जाच्या घरातून खालच्या धैवतावर उतरते, म्हणजे 'जी' वरून 'ई' (E) वर. तिथे स्क्रग्जचा बँजो मायनर वाजवतो आणि फ्लॅटची गिटार त्याच वेळी मेजर. त्या ई ला सा धरलं तर एकाचा गंधार कोमल, दुसऱ्याचा शुद्ध, आणि दोन्ही एकदम. नियमाने ही सरळ चूक आहे. पण रेकॉर्ड तशीच निघाली, तशीच गाजली, आणि तिथली ती करकर कानाला हवीहवीशी वाटते. पहिल्यांदा ऐकताना बँजोमागे जाल, त्यात ती निसटेल. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा बँजो सोडून फक्त फ्लॅटच्या गिटारकडे कान ठेवा.